चहाच्या सुट्टीतला सल्ला

गल्लीत त्याला नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. लहानथोर सगळे अंपायर म्हणत. हे नाव त्याने इतकं मनावर घेतलं होतं की बायकोशी वाद झाला तरी तो आधी दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घ्यायचा आणि मग आपल्याच बाजूने निकाल द्यायचा.

धंदा बुकबाइंडिंगचा. खाली दुकान, वर दोन खोल्या. दुकान कसलं, लांबट बोळच तो. दाराशी कागद कापायचं मशीन, त्याच्यामागे हाताने फिरवायचं लोखंडी दाबयंत्र, भिंतीला टेकून पुठ्ठ्यांचे गठ्ठे आणि सगळीकडे चिकटवायच्या लईचा आंबूस वास. फर्मे, म्हणजे छापील पानांच्या घड्या, शिवायचं काम बायकोचं. उजेड खिडकीतून यायचा म्हणून ती खिडकीकडे तोंड आणि टीव्हीकडे पाठ करून बसायची. वाचनालयांची फाटकी पुस्तकं, वकिलांची दप्तरं, कॉलेजातले प्रबंध असं काय काय दोघांच्या हातून जायचं.

पण अंपायरचा जीव अडकला होता वरच्या फळीवरच्या तेवीस जाड वह्यांत. आपला संघ परदेशात कसोटी मालिका खेळायला निघाला की हा नवी वही बांधायला घ्यायचा. कागद स्वतः कापायचा, रेघा स्वतः मारायचा, शिलाई बायकोकडून करून घ्यायचा आणि मग मालिकेतला एकूण एक चेंडू तीत टिपायचा. घरच्या मैदानावरच्या सामन्यांना वही नाही. "घरात कुणीही जिंकतं," असं तो म्हणायचा आणि त्यावर वाद घालायची कुणाची टाप नव्हती. समासात बारीक अक्षरात शेरे असत. कुणाचा पाय पुढे येत नाही, कुणाचा खांदा दमलाय, कुठल्या टोकाकडून वारा आहे. त्या शेऱ्यांच्या जोरावर तो जे भाकीत करायचा ते सहसा खरं ठरायचं. सहसा कसलं, नेहमीच. म्हणून तर अंपायर.

सामना असला की दोघं जण ठरलेल्या वेळी हजर व्हायचे. एक निवृत्त पोस्टमास्तर. त्यांना स्वतःच्या घरात टीव्हीचा रिमोट मिळत नसे. दुसरा समोरच्या टपरीतला किल्लीवाला. गिऱ्हाईक आलं तर हा इथूनच ओरडायचा, "थांबा हो, ओव्हर होऊ दे!" दोघंही खेळ बघताना पडद्याकडे कमी आणि अंपायरच्या चेहऱ्याकडे जास्त बघत. हे सुख ज्याने चाखलंय त्यालाच त्याची किंमत कळेल.

आता साडू. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. ड्रायव्हिंग स्कूल चालवायचा. आवाज मोठा, हसणं मोठं, गाडी मोठी. क्रिकेटमधलं त्याला चौकार, षटकार आणि जेवणाची सुट्टी एवढंच कळायचं, आणि तरी कुठेही गेला की पाच मिनिटांत माणसं त्याच्याभोवती गोळा. अंपायरला हे कोडं कधी सुटलं नाही. माणसाला काही येत नसताना लोकांना तो आवडतो कसा?

त्या वर्षी एका रविवारी साडू दुकानात शिरला तो हातात रंगीत माहितीपत्रक नाचवतच. क्रिकेटवेड्यांची सहल निघाली होती. बेचाळीस माणसं, एक बस, परदेशातल्या तिन्ही कसोट्या मैदानात बसून बघायच्या.

"चला अंपायर, आपण चौघं जाऊ," साडू म्हणाला. "तुमच्याशिवाय मला तिथे काय डोंबल कळणार?"

अंपायरने माहितीपत्रक उलटसुलट करून बघितलं. तेवीस वह्या भरल्या होत्या, पण परदेशातलं एकही मैदान डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. जन्मभर हेच तर हवं होतं. पण ते साडूच्या मागे मागे, साडूच्या बेताने? जिभेवर 'हो' आलेलं असताना तो म्हणाला, "टीव्हीवर जास्त दिसतं. मैदानात बसून पायचीत कुणाला कळतो?"

"जशी तुमची मर्जी," साडू म्हणाला.

साडूने दुसऱ्यांदा आग्रह केला असता तर अंपायर कुरकुरत का होईना, तयार झाला असता. तिसऱ्यांदा केला असता तर खुशीने. साडूने एकदाच विचारलं, हा साडूचा दोष. निदान अंपायरने तरी तो साडूच्याच माथी मारला. खिडकीतल्या बायकोला काय वाटलं, हे विचारायचं त्याला सुचलंही नाही.

पहिल्या कसोटीच्या पहिल्याच तासात कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरला आणि किल्लीवाला खुर्चीतून उडालाच. "अहो, तुमचे साडू!"

साडूच होता. गालांवर रंग फासलेला, डोक्यावर भलतीच टोपी, हातात झेंडा. शेजारी त्याची बायको, म्हणजे ताई, हसून हसून लाल झालेली. पोस्टमास्तर टीव्हीला हात करायला लागले. बायको शिलाई टाकून उठून आली. अंपायरने मात्र मान वर न करता निर्धाव चेंडूचा ठिपका दिला आणि म्हणाला, "खेळाकडे बघा."

थोड्या वेळाने फोन वाजला. साडू मैदानातूनच बोलत होता, खेळ चालू असताना. बोलता बोलता त्याच्यामागे प्रचंड आरडाओरडा झाला आणि तो किंचाळला, "गेला! गेला! उडाल्या यष्ट्या!" इकडे टीव्हीवर गोलंदाज अजून धावायलाही लागला नव्हता. मग तो धावला, चेंडू टाकला, आणि यष्ट्या उडाल्या. अंपायरने घड्याळाकडे बघून हिशेब केला. तिकडचं चित्र इकडे यायला आठ सेकंद लागत होते. म्हणजे आयुष्यभर ज्याला लोक विचारत की आता काय होणार, त्याच्या आठ सेकंद आधी आता साडूला कळणार. अंपायरच्या अंगाचा तिळपापड झाला.

"खेळ चालू असताना फोन नको," त्याने बजावलं. "सुट्टीत करा."

साडूने ते मुकाट्याने मानलं. मग रोज जेवणाच्या आणि चहाच्या सुट्टीत फोन ठरलेला. प्रश्न तरी कसले! "अहो, इथल्या अंपायरने गुडघा वर करून थोपटला. पाय दुखतोय का त्याचा?" "हा बुटका फलंदाजाच्या इतक्या जवळ का उभा राहिलाय? लागेल ना त्याला!" अंपायर तुच्छतेने, पण सविस्तर उत्तरं द्यायचा. लेगबाय समजावला, नवा चेंडू समजावला, वारा समजावला. मैदानात तो, आणि खेळ समजावतोय मी, या विचाराने त्याला थोडं बरंही वाटायचं. पहिली कसोटी आपण हरलो, दुसरी जिंकलो, आणि अंपायरच्या मनातली आग विझत आली, असं वाटायला लागलं होतं.

तेवढ्यात ताईचा व्हिडिओ कॉल आला. बायको फोन समोर टेकवून शिलाई करत होती आणि अंपायर पलीकडे एका प्रबंधाला पुठ्ठा लावत होता.

"अगं, इथे बसमध्ये यांना सगळे प्रोफेसर म्हणतात!" ताई सांगत होती. "काल जेवणानंतर हे म्हणाले, वारा तलावाच्या बाजूने आहे, नवा चेंडू उंच्याच्या हातात देणार आणि तो तिकडूनच टाकणार. आणि तस्संच झालं! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता रोज संध्याकाळी बसमध्ये यांचं भाषण असतं. मी म्हटलं, बाई गं, एवढं कधी शिकलात?"

वाक्य अंपायरचं होतं. शब्दन् शब्द त्याचा. त्या उंच गोलंदाजाला ठेवलेलं 'उंच्या' हे नावसुद्धा त्याचंच. समासात लिहिलेलं, फोनवर सांगितलेलं, आणि टाळ्या मिळाल्या साडूला. बेचाळीस माणसांच्या. इथे तीस वर्षांत दोनच माणसं जमली होती, त्यातलं एक रिमोट मिळत नाही म्हणून आलेलं.

कॉल संपला तेव्हा बायको म्हणाली, "अहो, पुठ्ठा उलटा लागलाय." खरंच लागला होता. एवढ्या वर्षांच्या धंद्यात पहिल्यांदा. सोनेरी अक्षरं पायाकडे तोंड करून बसली होती. त्याने तो ओरबाडून काढला, त्यात दोन पानं फाटली, आणि त्या पानांबद्दलही त्याने मनातल्या मनात साडूलाच शिव्या घातल्या.

तिसऱ्या कसोटीचा शेवटचा दिवस उजाडला. मालिका एक-एक. इतक्या वर्षांत त्या देशात आपण मालिका जिंकली नव्हती. दुपारपासून दुकानात काम बंद होतं, फक्त बायकोची सुई चालू होती. तिकडच्या चहाला आपल्याकडे सहा वाजत आले होते. समोरच्यांचे चार गडी बाद. अजून सहा हवेत, आणि दोघं फलंदाज तीस ओव्हर्स खांब रोवल्यासारखे उभे. जिंकायला लागणाऱ्या धावा त्यांच्या आवाक्याबाहेर होत्या, ते नुसते वेळ काढत होते. टीव्हीवरची शहाणी माणसं म्हणत होती, सामना अनिर्णित राहणार.

"काय अंपायर?" पोस्टमास्तरांनी रडवेल्या आवाजात विचारलं. "गेलं का हातचं?"

"मिळणार," अंपायर म्हणाला. पेन्सिलीने त्याने समासावर टिचकी मारली. "चार ओव्हर्सनी नवा चेंडू. त्या डावखुऱ्याचा पुढचा पाय दमलाय, मघापासून अर्धाच येतोय. तो जाणार, आणि तो गेला की मागे सगळं शेपूट आहे. सहाच्या सहा जातील."

पोस्टमास्तरांचा चेहरा उजळला. डॉक्टरांनी सांगितलेली कोपऱ्यापर्यंतची फेरी मारायला ते निघाले. किल्लीवाला दोन गिऱ्हाइकं उरकायला टपरीत गेला. दुकानात दोघं नवरा-बायकोच उरली, आणि फोन वाजला.

"अंपायर, भानगड झालीय," साडू घाईघाईने म्हणाला. "तळ्यावरच्या शेवटच्या बोटीची तिकिटं आहेत आमच्याकडे. बसवाला म्हणतो, आत्ता निघालो तरच मिळेल. उद्या सकाळी तर विमान. अर्धे म्हणतात निघू, अर्धे म्हणतात थांबू. शेवटी सगळे म्हणाले, प्रोफेसर सांगतील तसं. माझ्या तोंडाकडे बघताहेत हो! बोला, काय करू?"

सांगायचं ते मघाशीच सांगून झालं होतं. तेच पुन्हा म्हणायचं, एवढंच काम. थांबा. पण 'थांबा' म्हटलं की काय होणार, हेही अंपायरला दिसत होतं, जसं त्याला नेहमी दिसायचं. बेचाळीस माणसं साडूला खांद्यावर घेणार. प्रोफेसर म्हणाले होते, प्रोफेसरांमुळे बघायला मिळालं, असं ती माणसं जन्मभर सांगत फिरणार.

"ड्रॉ आहे," अंपायर म्हणाला.

"नक्की?"

"विकेटमध्ये जीव उरलेला नाही. निघा. बोट बघा."

"वाचवलंत बुवा!" साडू म्हणाला, आणि मग त्याचा तो मोठा आवाज फोनपासून लांब जाताना ऐकू आला. "चला रे चला! ड्रॉ आहे!"

फोन खाली ठेवला तेव्हा बायको वळून बघत होती. "मघाशी तर पोस्टमास्तरांना तुम्ही..."

"खेळात काहीही होतं," तो म्हणाला.

"मग तसं तरी सांगायचं."

चहाची सुट्टी वीस मिनिटांची. फोन हाताशी होता. बस भरायला दहा मिनिटं तरी लागणारच होती. अंपायरने पेन्सिलीला टोक केलं, मग दुसऱ्या पेन्सिलीला केलं, मग ज्या पेन्सिलीला टोक होतं तिलाही केलं. तेवढ्यात पोस्टमास्तर परत आले आणि आता त्यांच्यासमोर फोन कसा करायचा, ही सबब त्याला मिळाली.

नव्या चेंडूच्या तिसऱ्याच ओव्हरला डावखुरा गेला. पाय अर्धा आला, चेंडू बॅटच्या कडेला लागला, स्लिपमध्ये झेल. मग रांगच लागली. किल्लीवाला टपरी उघडी टाकून आला. पोस्टमास्तर प्रत्येक बळीला अंपायरच्या पाठीत थाप मारत होते आणि अंपायरचं अक्षर वाकडं होत होतं. मध्येच कॅमेरा प्रेक्षकांकडे गेला. एका कोपऱ्यात सलग चार-पाच ओळी रिकाम्या खुर्च्या दिसल्या.

"आपली माणसं कुठे गेली?" किल्लीवाला म्हणाला.

"असतील तिथेच कुठेतरी," अंपायर म्हणाला.

शेवटचा गडी बाद झाला तेव्हा खेळ संपायला अजून अर्धा तास होता. पोस्टमास्तर चक्क रडले. "तुम्ही म्हणालात तस्सं! सहाच्या सहा! अंपायर, तुम्ही माणूस नाही हो!" आणि त्यांनी त्याला मिठी मारली. खोटं कशाला बोला, पहिली पाच मिनिटं अंपायरला फार बरं वाटलं. मी बघितलं, साडूने नाही बघितलं, हे वाक्य मनात घोळवताना तोंड गोड झालं होतं. मग आपले खेळाडू मैदानाला फेरी मारायला निघाले. त्या रिकाम्या कोपऱ्यापाशी आल्यावर कप्तानाने हात वर केला, समोर कुणीच नाही असं बघून खाली घेतला, आणि पुढे गेला. त्यानंतर अंपायरने टीव्ही बंद केला. पोस्टमास्तर "अहो, बक्षीस समारंभ!" म्हणेपर्यंत तो जिना चढून वर गेलाही होता.

दोन दिवस साडूचा फोन नाही. तिसऱ्या दिवशी, मंडळी परतल्यावर, ताईने बायकोला सगळं सांगितलं, आणि बायकोने लई ढवळता ढवळता, नवऱ्याकडे न बघता, ते त्याला सांगितलं. बोट तळ्याच्या मधोमध असताना कुणाच्या तरी फोनवर पहिला बळी आला. मग दुसरा. नावाडी म्हणाला, फेरी पूर्ण झाल्याशिवाय बोट वळत नाही. बेचाळीस माणसं पाण्यावर उभी राहून एकेका बळीची बातमी ऐकत होती. बातम्या संपल्या तेव्हा सगळे साडूवर तुटून पडले. एक म्हातारा गृहस्थ चाळीस वर्षं या दिवसाची वाट बघत होता म्हणे. तो कुणावर ओरडला नाही, नुसता तोंड फिरवून बसला. परतीच्या बसमध्ये साडूशेजारी कुणी बसलं नाही.

"भाऊजींनी तुमचं नाव घेतलं नाही," बायको म्हणाली. "माझाच अंदाज चुकला म्हणाले."

अंपायरने मशीनखालचे कागदाचे कपटे गोळा करायला घेतले. बायकोने यापलीकडे एक शब्द काढला नाही. त्यापेक्षा भांडली असती तर बरं झालं असतं.

रविवारी साडू स्वतःच दुकानात आला. पोस्टमास्तर आणि किल्लीवाला होतेच. सामना संपून आठवडा झाला तरी त्यांची चर्चा संपलेली नव्हती. साडूचा चेहरा थोडा उतरला होता, पण हसणं तसंच मोठं.

"भाग्यवान माणूस!" पोस्टमास्तरांनी त्याचा हात धरला. "शेवटचा दिवस डोळ्यांनी पाहिलात!"

"कुठला हो," साडू म्हणाला. "चहालाच निघालो आम्ही."

"निघालात?" पोस्टमास्तर ओरडलेच. "अहो, आमच्या अंपायरने चहाच्या सुट्टीत इथे, या खुर्चीत बसून सांगितलं होतं, सहाच्या सहा जाणार! तुमचा तर रोज सुट्टीत फोन असायचा यांना. तुम्हाला नाही सांगितलं?"

अंपायरने पुठ्ठ्यांचा गठ्ठा सारखा करायला घेतला. साडूने त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही, नुसतंच बघितलं, शिकाऊ माणसाने गाडी ठोकली की त्याच्याकडे बघावं तसं. एका शब्दात सगळा निकाल लागला असता. तीस वर्षांचं नाव, ही खुर्ची, हे दोन चेहरे, सगळं साडूच्या जिभेवर होतं.

"सांगितलं होतं की," साडू म्हणाला. "म्हणाले, जागचे हलू नका, सामना आपला आहे. मीच ऐकलं नाही. बोटीचा मोह पडला."

"घ्या!" पोस्टमास्तर मांडीवर थाप मारून हसले. "अहो, अंपायरचं ऐकायचं असतं!" किल्लीवालाही हसला, आणि त्या दोघांपेक्षा मोठ्याने साडू हसला.

साडू जायला उठला तेव्हा बायको नवऱ्याला म्हणाली, "गाडीपर्यंत सोडून या त्यांना." ती विनंती नव्हती.

गाडी रस्त्याच्या पलीकडे उभी होती. साडू आत बसला, पट्टा लावला, आरसा नीट केला. अंपायर खिडकीशी वाकला.

"मी मुद्दाम सांगितलं," तो म्हणाला.

"ठाऊक आहे. बोटीतच कळलं."

"कसं?"

"तुमचं चुकत नाही हो," साडू म्हणाला. "इतकी वर्षं बघतोय. सगळं जग चुकेल, खेळातलं तुमचं चुकत नाही. मग नेमकं त्याच दिवशी कसं बरं चुकेल? फक्त का केलंत, ते काही कळलं नाही."

"जळत होतो तुमच्यावर."

"माझ्यावर?" साडूला खरंच हसू आलं. मग अंपायरच्या चेहऱ्याकडे बघून ते विरलं. "अहो, मला गाड्या सोडून कळतं काय?"

तो आणखी काही बोलेल म्हणून अंपायर थांबला. साडूने मागे वळून रस्ता बघितला, हात केला आणि गाडी काढली.

अंपायर तिथेच उभा राहिला. शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, हे खरं. पण त्या शरमेच्याही खाली ती ओळखीची जळजळ होतीच. परदेश गेला, बस गेली, टाळ्या गेल्या, त्यातलं आता काहीच साडूकडे उरलं नव्हतं. तरी चार माणसांत दुसऱ्याचा दोष असा हसत हसत आपल्या अंगावर घेणं अंपायरला आयुष्यात एकदाही जमलं नव्हतं, आणि साडूला त्यासाठी विचारसुद्धा करावा लागला नव्हता.